भारत भाड्याने मिळेल

माझ्या दुकानात काश्मीर सगळ्यात वरच्या फळीवर असायचं, कारण लोकरीला कसर लवकर लागते. त्याच्या खाली पंजाब. दोघांचं जाकीट एकच होतं, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही राज्यांना मागणी आली की माझी पंचाईत व्हायची. राजस्थान आणि गुजरात यांचा घागरा सामाईक. बांगड्या कोपराच्या वर चढवल्या की राजस्थान, हातात टिपऱ्या दिल्या की गुजरात. विंध्याच्या खालच्या उरलेल्या सगळ्या दक्षिणेला मिळून एक पांढरी लुंगी आणि भस्माची डबी. केरळ वेगळं, आंध्र वेगळं, असं म्हणणारा गिऱ्हाईक जव्हारच्या बाजारात मला कधी भेटला नाही.

नाटकाला, गॅदरिंगला, मिरवणुकीला लागणारे कपडे भाड्यानं देण्याच्या धंद्याला ड्रेपरी म्हणतात. आमचे हे शिंपीकाम करायचे, त्यांनी हौसेनं चार मुकुट आणि दोन गदा घेऊन सुरुवात केली. ते गेल्यावर मी चालवलं. देवादिकांपेक्षा देशाला गिऱ्हाईक जास्त आहे, हे माझ्या लवकर लक्षात आलं. देवाचं सोंग आमच्याकडं बोहाड्याच्या उत्सवात निघतं आणि त्याचे मुखवटे ज्या त्या घरात पिढ्यान् पिढ्या जपलेले असतात. ते कुणी भाड्यानं नेत नाही. देशाचा मुखवटा मात्र कुणाच्याच घरात नसतो. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी आली की जव्हार-मोखाड्याच्या झाडून सगळ्या शाळांचे शिक्षक माझ्या पायरीवर. गेल्या वर्षी गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला, तेव्हा मी देश खाली उतरवला, उन्हात घातला आणि दुकान बंद केलं.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, कपडे द्यायचे आणि परत घ्यायचे. पण कुणी कोण व्हायचं, यावरून जेवढी भांडणं मी सोडवली तेवढी तंटामुक्ती समितीनंही सोडवली नसतील. खोडाळ्याच्या एका शेतकऱ्याचं सांगते. त्याच्या मुलाला शाळेनं इंग्रज केलं होतं, कारण मुलगा उंच होता आणि लाल कोट त्यालाच बसत होता. बाप तणतणत दुकानात आला.

“आमच्या घरात कोनी इंग्रज झाला नाय, न् माझा पोर बी व्हनार नाय. त्याला फाशी जानारा करा.”

बरोबर आलेले गुरुजी काकुळतीला आले. “अहो, फाशी जायला सगळेच तयार आहेत. इंग्रजच नसेल तर स्वातंत्र्य कुणाकडून घ्यायचं?”

बापाला हे पटलं नाही. शेवटी मी मुलाला कोट घालून आरशापुढं उभा केला. डोक्यावर हॅट, कमरेला पट्टा, पायात माझ्या नवऱ्याचे गमबूट. बाप बघतच राहिला. त्यानं मुलाच्या भोवती एक फेरी मारली आणि तिथून त्याला थेट फोटो स्टुडिओत नेलं. तो फोटो त्यांच्या ओटीवर देवांच्या शेजारी लावलेला मी स्वतः पाहिला आहे. इंग्रज गेले, पण खोडाळ्यात एक राहिला, आणि त्याला उदबत्तीचा धूर मिळतो.

आता आमच्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या पोशाखाबद्दल. मी जामसरच्या कोकणा आदिवासी घरातली. माझी आई गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं नेसायची, खांद्यावरून फडकी घ्यायची. आजूबाजूच्या वारली, ठाकर, कोळी बायका थोड्याफार फरकानं अशाच. तर एकदा शहरातले एक मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, “सुमनताई, आदिवासी आहे का?”

मी म्हटलं, “आहे की. काय काम होतं?”

ते म्हणाले, “तसं नाही हो. ड्रेस, ड्रेस!”

त्यांनी मोबाईलमध्ये चित्र दाखवलं. वाघाच्या पट्ट्यांचा कपडा, डोक्याला पिसं, गळ्यात हाडकांची माळ, हातात भाला. मी म्हटलं, “सर, आपल्याकडं असं कुणी घालत नाही.”

“आपल्याकडं नाही हो. स्टेजवर.”

गिऱ्हाईक देव असतं. उल्हासनगरहून मोटारीच्या सीटला लावतात ते वाघपट्ट्याचं कापड आणलं, कोंबड्याची पिसं रंगवली आणि माझ्याच मशीनवर माझ्याच लोकांना शिवून काढलं. दुकानातला हा एकच पोशाख असा होता, की तो ज्यांचा म्हणायचा त्यांच्यापैकी एकालाही ओळखता आला नसता. त्यामुळे त्याबद्दल तक्रारही कधी आली नाही.

तरी एका वर्षी कुणीतरी मुद्दा काढला की खरा पोशाख ठरवा. उत्सव समितीनं उपसमिती नेमली आणि मला माहितगार म्हणून बोलावलं. ठाकर म्हणाले फडकी आमची. कोकणा म्हणाले आमची. वारल्यांच्या प्रतिनिधीनं सांगितलं, की त्यांच्याशिवाय तारपा वाजणार नाही, तेव्हा आधी त्यांचं ऐका. महादेव कोळ्यांचे एक गृहस्थ म्हणाले, इथं आमचं राज्य होतं, आम्ही तलवार लावून येणार. कातकऱ्यांना बैठकीला बोलवायचंच राहून गेलं होतं. शेवटी चहा झाला आणि ठराव झाला, की एकमत होईपर्यंत जुनाच पोशाख चालू ठेवावा. म्हणजे वाघपट्टा.

या समितीचे अध्यक्ष होते भोये सर. तेही जामसरचेच, माझ्याहून थोडे मोठे. जव्हारला हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. माणूस सज्जन, शिस्तीचा, आणि मराठी अशी, की आकाशवाणीच्या बातम्या त्यांच्यापुढं अशुद्ध वाटाव्यात. वर्गात पोरगं चुकून घरच्या बोलीतलं बोललं की सर त्याला उभं करून पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. लहानपणी वसतिगृहात त्यांना त्यांच्या बोलण्यावरून पोरं फार चिडवायची, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी काही बोलले नाही. जातीचा दाखला फायलीत आणि आई जामसरला, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. गरज पडेल तेव्हा ते दोन्हींकडं जायचे. बाजारात मात्र त्यातलं काही दिसू द्यायचे नाहीत.

त्या सव्वीस जानेवारीला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. समितीनं ‘भारतदर्शन’ ठरवलं. एकेका शाळेनं एकेक राज्य व्हायचं, मैदानात फेरी मारायची आणि पाहुण्यांच्या समोर नाचायचं. वाटणी सरांनी केली. गावातल्या इंग्रजी शाळेला पंजाब. वांगणीच्या आश्रमशाळेच्या वाट्याला जे आलं, ते राज्य नव्हतंच. यादीत नुसतं ‘आदिवासी’ लिहिलं होतं.

वांगणीच्या कामडी मॅडम मुलींना घेऊन मापाला आल्या. तरुण बाई, मोखाड्याकडच्या, नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. मी गाठोडं सोडलं. मुलींनी वाघपट्टा हातात घेतला, एकमेकींकडं पाहिलं आणि पोट धरून हसायला लागल्या. रंजना नावाची एक सावळी, काटकुळी, धीट पोर होती. तिनं पिसांचा टोप उलटासुलटा करून पाहिला.

“मावशी, ह्ये कोन लोक?”

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “हे आपण.”

रंजनानं जरा विचार केला. “आपन कदी?”

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी गाठोडं बाजूला सारलं आणि तिथूनच सरांना फोन लावला. सर जवळच राहायचे, लगेच आले.

“माझ्या मुली हे घालणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “घरची लुगडी नेसतील, फडकी घेतील. तारपा वाजवायला रंजनाचे आजोबा येतील.”

“कल्पना स्तुत्य आहे,” सर म्हणाले. “परंतु ते नित्याचे कपडे झाले. पाहुण्यांना कळणार कसं, की या आदिवासी आहेत?”

“सर, त्या आहेत!”

“असणं वेगळं, मॅडम. दिसणं आवश्यक आहे.”

दोघांची जुंपली. मॅडम अस्मिता म्हणत होत्या, सर राष्ट्रीय एकात्मता. दोघंही आमच्याच डोंगरातले, आणि दोघंही पुस्तकातलं बोलत होते. मी चहा सांगितला. तेवढ्यात मागून पोरींचा गलका ऐकू आला. रंजनानं फळीवरून पंजाब काढला होता. डोक्याला गुलाबी पटका, त्याला तुरा, अंगात कलाबतूचं जाकीट, आणि दोन्ही हात वर करून ती आरशापुढं अशी उड्या मारत होती, की माझे मुकुट हलायला लागले.

“मावशी, आमाला पंजाब पायजे,” ती म्हणाली.

मॅडम दुखावल्या. “अगं, आपला नाच आहे ना तारप्याचा.”

“तो तर घरी करतोच की. तिथं कोन बघाय येतं?” रंजना म्हणाली. “भिवंडीच्या भट्टीवर सरदारजी यायचा, विटा भरायला. ट्रकमदी गानी लावायचा. आमाला त्यानंच शिकवलंय. बघा.” आणि तिनं पुन्हा नाचून दाखवलं. बाकीच्या पोरी तिच्या मागं उभ्या राहिल्या. त्याही कुठल्या ना कुठल्या भट्टीवर हिवाळे काढलेल्या. सगळ्यांना येत होता. पंजाब आमच्या पोरींपर्यंत पुस्तकातून आला नव्हता. विटांच्या ट्रकमधून आला होता.

 मॅडम एकदम हसल्या आणि सरांना म्हणाल्या, “सर, एकात्मता म्हणता ना? मग द्या आम्हाला पंजाब.”

सर पेचात सापडले. पंजाब इंग्रजी शाळेकडं गेला होता. पण त्या शाळेच्या बाईंना विचारलं तर त्या आनंदानं तयार झाल्या. पंजाब सगळेच करतात, आदिवासी म्हणजे काहीतरी वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. अशी माझ्या दुकानात शांततेच्या मार्गानं फाळणी झाली. इंग्रजी शाळेत सरांचा नातू चिन्मय शिकत होता, पहिलीत की दुसरीत. त्याच्या मापाचा वाघपट्टा मी बारीक करून दिला. त्या वर्गातली निम्मी पोरं आमच्याच गावांमधून बाजारात राहायला आलेल्या शिक्षकांची, कारकुनांची. त्यांच्या आयांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं, “ताई, रंग जास्त काळा फासू नका हं.”

सव्वीस जानेवारीला मी गाठोडी घेऊन सकाळीच मैदानात गेले. पाहते तर तंबूच्या दाराशी सरांची आई, सोमीमावशी, उभी. जामसरहून जीप धरून एकटीच आली होती. पणतू नाचणार म्हणून कुणाकडून तरी कळलं होतं. सरांनी सांगितलं नव्हतं. हिरवं लुगडं, लाल फडकी, कपाळावर गोंदण. मी तिला हाताला धरून पुढच्या रांगेच्या कडेला खुर्ची दिली. सर व्यासपीठावर माईक घेऊन उभे होते. त्यांनी आईला पाहिलं. पाहिलं हे मला दिसलं. मग ते कागदाकडं बघून पुढं बोलायला लागले.

फेरी सुरू झाली. गुजरात आला, लुंगीतली दक्षिण आली, मग वांगणीचा पंजाब आला. काय सांगू! रंजना सगळ्यांच्या पुढं. त्या पोरींनी मैदान उचललं. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि शेजारच्यांना म्हणाले, “इतके पंजाबी इथं कसे?” कामडी मॅडम कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. रंजनाचे आजोबा तारपा घेऊन आले होते, ते कुणी सांगितलं नसतानाही ठेक्यात मिसळून वाजवत राहिले. पंजाब आणि तारपा एकत्र कसा लागतो, हे ज्यांनी ऐकलं त्यांनाच कळेल.

त्यानंतर आदिवासी यायचे होते. वर्तमानपत्राचा एक तरुण फोटोग्राफर जागा शोधत पुढं आला. त्याच्या चौकटीत सोमीमावशीची खुर्ची येत होती.

“आजी, जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला. “आदिवासी येतायत.”

मावशी उठली. खुर्ची मी मागं ओढली. तिनं मला विचारलं, “कोन येतात गो?”

“आदिवासी, मावशी.”

ती डोळ्यांवर हात धरून बघायला लागली. भाले नाचवत, हू हू करत इंग्रजी शाळेची पोरं आली. मावशीनं बराच वेळ पाहिलं.

“लांबून आलेली दिसतात,” ती म्हणाली. “जेवन दिलंय का त्यांना?”

आणि मग तिला चिन्मय दिसला. “अगो, ह्यो तर आपला बाबू! ह्याचे कपडे कुनी नेले?”

ती हे जोरातच बोलली. चिन्मयनं आवाज ओळखला. पिसं त्याच्या मानेला टोचत होती, रडू आधीच ओठावर आलेलं. रांग सोडून, भाला टाकून तो थेट धावत आला आणि मावशीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. फोटोग्राफर पुटपुटला. पण पाहुण्यांना ते दृश्य फार आवडलं. ते खाली उतरून आले, मागोमाग समिती आली, माईक हातात तसाच धरून सरही आले.

“वा! छोटा आदिवासी घाबरला वाटतं,” पाहुणे म्हणाले आणि चिन्मयच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर पिसं टोचली. मग त्यांनी मावशीकडं पाहून सरांना विचारलं, “या कोण? शाळेतल्या मदतनीस का?”

सरांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते. मी मनात आणलं असतं, तर तिथंच सांगून टाकता आलं असतं. पण ते माझं सांगायचं नव्हतं. सरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. जानेवारीतलं जव्हार म्हणजे कोवळं ऊन, घाम यायचं कारण नव्हतं. समितीतले लोक वर झेंड्याकडं बघायला लागले. त्यातल्या कित्येकांच्या आया अशाच कुठं ना कुठं गावाला होत्या. मावशी कुणाकडंच बघत नव्हती. ती चिन्मयच्या मानेवरची पिसं एकेक करून काढत होती आणि खाली टाकत होती.

“मदतनीस नाहीत,” सर म्हणाले. इतकं हळू, की पाहुण्यांनी कान पुढं केला. “या... या म्हणजे...”

मावशीनं आता मान वर केली. मुलाकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तगादाही नव्हता. एखादं पोर शाळेत पाठ म्हणताना अडलं, की आई पाहते तसं ती पाहत होती.

सरांनी घसा खाकरला. आयुष्यभर ज्या घरच्या बोलीवरून त्यांनी पोरांना उभं केलं, ती त्यांच्या तोंडात अर्धी आली आणि अर्धं वाक्य बाजारातलंच राहिलं.

“ही माझी आयीस आहे,” ते म्हणाले.

समितीतलं कुणीतरी खुसकन हसलं. पाहुण्यांना शब्द कळला नाही, ते नुसतेच हसून मान हलवत राहिले.

“माझी नाय रं,” मावशी म्हणाली. अगदी शांतपणे, घरात म्हणावं तसं. “मानी. ‘मानी आयीस आहा’, असं म्हन.”

निवृत्त मुख्याध्यापक भोये सर ताठ उभे राहिले. एक हात बाजूला, माईक धरलेला छातीशी, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे.

“मानी,” ते म्हणाले. “ही मानी आयीस आहा.”

आणि तेव्हा कर्ण्यांतून तो आवाज सगळ्या मैदानावर गेला. माईक चालूच होता. पंजाबात बसलेल्या पोरी आधी चकित झाल्या, मग एकदम टाळ्या पिटायला लागल्या. सरांनी माईककडं पाहिलं. बटणावर अंगठा होता, पण त्यांनी तो दाबला नाही.